जंतू मेले, दाह उरला

ताप उतरलेला असतो. पाठीतून काढलेल्या पाण्याच्या दुसऱ्या तपासणीत एकही जंतू सापडलेला नसतो. डॉक्टर समाधानाने घरी जाण्याची परवानगी देतात, आजीने बोललेला नवकाराचा जप पूर्ण होतो आणि मूल घरी येते. आठ-पंधरा दिवसांनी आईच्या ध्यानात येते की, स्वयंपाकघरात पातेले पडले तरी मूल मान वळवीत नाही. मागून हाक मारली तर ते आपल्याच खेळात असते. समोर जाऊन उभे राहिले की हसते. कानांची तपासणी होते आणि कळते की, दोन्ही कानांची श्रवणशक्ती गेलेली आहे. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा जंतुजन्य दाह, या रोगाच्या इतिहासात हा प्रसंग असंख्य घरांनी अनुभवला आहे. औषधाने तर सगळे जंतू मारले. मग कान कोणी नेले?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला, कारण ते उत्तर गैरसोयीचे होते. कान जंतूंनी नेले, हे अर्धेच सत्य होते. उरलेले अर्धे असे की, जंतूंचा बंदोबस्त करण्यासाठी शरीराने जी यंत्रणा उभी केली, तिनेच जाता जाता स्वतःच्या घराचीही मोडतोड केली. या यंत्रणेच्या कार्याला दाह म्हणतात. दाह नसता तर मनुष्यजात टिकली नसती. आणि दाहाला आवरणारे काही नसते, तरीही ती टिकली नसती. मेंदूच्या संसर्गात या दोहोंमधले अंतर कित्येकदा काही तासांचेच असते.

बंद घरातील पाणी

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणे असतात आणि त्यांतील आतल्या दोन आवरणांमधून एक नितळ द्रव सतत खेळत असतो. शास्त्रीय भाषेत त्याला मस्तिष्कमेरुद्रव म्हणतात. बोलीत आपण त्याला ‘पाठीतले पाणी’ म्हणतो. प्रौढ माणसात त्याचे प्रमाण सुमारे १५० मिलिलिटर असते. दिवसभरात सुमारे अर्धा लिटर नवा द्रव तयार होतो आणि जवळजवळ तितकाच शोषला जातो. निरोगी अवस्थेत या द्रवाच्या एका घनमिलिमीटरमध्ये पाचापेक्षा अधिक पांढऱ्या पेशी आढळत नाहीत. रक्तात जंतूंना ओळखणारी आणि त्यांच्यावर खूण करणारी जी प्रथिने मुबलक असतात, तीही येथे नगण्यच असतात. हा पहारा मुद्दामच शिथिल ठेवलेला असावा असे वाटते. त्वचेवर गळू झाले, चार पेशी गेल्या, तर नव्या येतात; मेंदूतील पेशींच्या बाबतीत ती सोय फारशी नाही. म्हणून निसर्गाने येथे शस्त्रधारी कमी ठेवले आणि दारे मात्र भक्कम केली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की, रक्तातील बहुतेक पदार्थ आत जाऊ शकत नाहीत.

न्यूमोकोकस नावाचा जंतू अनेक निरोगी मुलांच्या नाकाघशात कोणताही उपद्रव न करता राहत असतो. फार क्वचित तो रक्तात उतरतो आणि त्याहून क्वचित ही घट्ट भिंत ओलांडून पाठीतल्या पाण्यात पोहोचतो. मेनिंगोकोकस आणि हिब या नावाने ओळखला जाणारा हिमोफिलस यांचीही वाट साधारण अशीच. एकदा आत शिरल्यावर मात्र त्यांना अडवणारे जवळजवळ कोणी नसते. पहारा शिथिल ठेवण्याची किंमत ती हीच.

१९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि न्यूमोकोकसच्या मेनिंजायटिसमधून वाचणारी माणसे प्रथमच दिसू लागली. त्यापूर्वी हा रोग म्हणजे जवळजवळ निश्चित मृत्यूच होता. पुढे अधिकाधिक प्रभावी प्रतिजैविके आली. पण मृत्यूचे आणि अपंगत्वाचे प्रमाण एका पायरीपर्यंत उतरून तेथेच थबकले. जंतू मारण्याचे कौशल्य वाढत होते. रोगी वाचवण्याचे त्या प्रमाणात वाढत नव्हते. आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार जंतुजन्य मेनिंजायटिस झालेल्या सहा रुग्णांपैकी एक दगावतो आणि पाचांपैकी एकाच्या वाट्याला गंभीर व्यंग येते.

मेलेल्या जंतूचे तुकडे

१९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात इलेन टुओमानेन, अलेक्झांडर टोमाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : दाह पेटवायला जिवंत जंतू लागतो का? त्यांनी न्यूमोकोकसचे घटक वेगवेगळे केले आणि ते सशांच्या मस्तिष्कमेरुद्रवात सोडले. (प्रयोग मुक्या प्राण्यांवर झाला, हे येथे झाकून ठेवता येणार नाही. या मासिकाच्या वाचकाला ते बोचेल, आणि बोचावेही. पण या विषयातील पुष्कळसे ज्ञान याच मार्गाने आले आहे, ही वस्तुस्थिती आहे.) जंतूचे बाहेरचे गुळगुळीत वेष्टन एकटे सोडले तर विशेष काही घडले नाही. परंतु त्याच्या भिंतीचे नुसते तुकडे सोडले, तेव्हा जिवंत जंतू करतो तसाच दाह पेटला. एकही जिवंत जंतू नाही, आणि तरीही मेनिंजायटिस!

या निष्कर्षाचा दुसरा अर्थ अधिक अस्वस्थ करणारा होता. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे जंतूची भिंत बांधण्याचे काम बिघडवून त्याला फोडतात. म्हणजे औषधाची पहिली मात्रा रक्तात गेली की, थोड्याच वेळात भिंतींच्या तुकड्यांचा एक लोंढा त्या बंद जागेत सुटतो. उपचाराच्या पहिल्या काही तासांत दाह ओसरण्याऐवजी उसळण्याचा संभव असतो. औषध टाळावे असा याचा अर्थ मुळीच नव्हे. औषधावाचून रोगी वाचत नाही. अर्थ इतकाच की, जंतू मारणे आणि दाह आवरणे ही दोन वेगळी कामे आहेत.

हा उसळलेला दाह नेमके काय करतो? आवरणांत काही पेशी कायम वस्तीला असतात. त्यांना भक्षकपेशी म्हणता येईल. त्यांच्या पृष्ठभागावर जंतूंच्या भिंतीचे तुकडे ओळखणारे ग्राहक असतात. तुकडा चिकटला की पेशीच्या आत जनुके जागी होतात आणि ‘टीएनएफ’ व ‘इंटरल्यूकिन-१’ यांसारखी निरोपाची प्रथिने बाहेर पडतात. त्या निरोपाने रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तर चिकट होते. रक्तातून वाहत चाललेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे अडकतात आणि भिंतीतून वाट काढून आत उतरतात. कवटीच्या हाडातील मज्जेमधूनही अशा पेशी सूक्ष्म बोगद्यांवाटे थेट आवरणांपर्यंत येतात, असे अलीकडच्या वर्षांत उंदरांमध्ये दिसून आले आहे. पाहता पाहता जेथे पाच पेशी होत्या तेथे हजारो होतात. पाठीतले नितळ पाणी तांदळाच्या धुवणासारखे गढूळ दिसू लागते ते यामुळेच.

न्यूट्रोफिल ही पेशी अल्पायुषी आणि उग्र. तिच्याजवळची रसायने जंतूची भिंत जाळतात, तशी शेजारच्या ऊतींचीही जाळतात. आपपरभाव तिला नसतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्यांची घट्ट वीण सैल होते, पाणी आत झिरपते, मेंदूला सूज येते. हाताला सूज आली तर ती बाहेरच्या बाजूला फुगू शकते; कवटीला ती मुभा नाही. आतला दाब चढतो, रक्ताचा पुरवठा तोकडा पडतो, सुजलेल्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. आणि कान? आतल्या कानातील द्रव आणि पाठीतले पाणी यांना जोडणारी एक अत्यंत बारीक नळी असते. जंतू आणि दाह दोन्ही त्या वाटेने कानाच्या शंखात शिरतात. ध्वनीचे कंपन टिपणाऱ्या तेथील नाजूक केशपेशी एकदा नष्ट झाल्या की, मनुष्याच्या शरीरात पुन्हा निर्माण होत नाहीत.

आवरणारे हात

परंतु ही कथा केवळ उग्रतेची नाही. दाह पेटल्याक्षणीच शरीर तो विझवण्याची तयारीही सुरू करते. ‘इंटरल्यूकिन-१०’ नावाचे प्रथिन भक्षकपेशींना सबुरीचा निरोप देते. ज्या उंदरांत ते नसते त्यांच्यात न्यूमोकोकसचा मेनिंजायटिस अधिक दाहक होतो, असे दिसले आहे. काही प्रथिने उग्र निरोपांची जागा आधीच अडवून ठेवतात, त्यामुळे निरोप येतो पण पोहोचत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला रक्तातील दाहाची वार्ता लागते, तो मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींना खूण करतो आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड. म्हणजे ज्या औषधाविषयी आपल्याकडे इतकी भीती आणि तितकाच गैरवापर आहे, त्याचे मूळ रूप प्रत्येकाच्या देहात रोज तयार होत असते.

इंधन संपले की विस्तव विझतो तसा दाह आपोआप ओसरतो, असा पूर्वी समज होता. बोस्टनचे चार्ल्स सर्हान आणि इतर संशोधकांच्या गेल्या चार दशकांतील कामाने तो समज बदलला. दाहाचा उपशम ही एक स्वतंत्र, सक्रिय क्रिया आहे; तिची स्वतःची रसायने आहेत, स्वतःचा क्रम आहे. तीत दोन गोष्टी घडाव्या लागतात. नव्या न्यूट्रोफिल पेशींचा ओघ थांबला पाहिजे; आणि आधीच आलेल्या पेशी फुटून सांडण्याऐवजी मुकाट्याने मिटून गेल्या पाहिजेत व भक्षकपेशींनी त्यांना गिळून जागा स्वच्छ केली पाहिजे. कर्मसिद्धांत जाणणाऱ्या वाचकाला येथे संवर आणि निर्जरा हे दोन शब्द आठवल्यावाचून राहणार नाहीत : आधी येणारा प्रवाह रोखणे, मग साचलेले झाडून टाकणे. शरीरशास्त्राने आगमाला दुजोरा दिला, असला दावा करण्याचे कारण नाही. कर्म आणि पेशी या अगदी भिन्न पातळीवरच्या गोष्टी आहेत आणि अशा ओढूनताणून केलेल्या जुळण्यांनी दोन्हींची हानीच होते. पण क्रमातील साम्य ध्यानात ठेवायला सोयीचे आहे. आणि एक बारकावा लोभस आहे : जी भक्षकपेशी मिटलेली न्यूट्रोफिल पेशी गिळते, ती त्या गिळण्यानेच पालटते आणि उग्र निरोपांऐवजी शांतवणारे निरोप पाठवू लागते.

मेनिंजायटिसमध्ये अडचण अशी की, शरीराची ही आवरण्याची शक्ती पुष्कळदा उशिरा पोहोचते. कवटीच्या आत तेवढा वेळ नसतो. म्हणून प्रश्न उभा राहिला, तिला बाहेरून हात देता येईल का?

पंधरा मिनिटे आधी

१९८८ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील डॉक्टरांनी मेनिंजायटिस झालेल्या २०० बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेल्या मुलांत बहिरेपणाचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. त्या काळी तेथे या रोगाचे प्रमुख कारण हिब हा जंतू होता. प्रौढांसाठीचा निर्णायक पुरावा येण्यास २००२ साल उजाडले. नेदरलँड्समधील यान दे खान्स आणि डिडरिक व्हॅन दे बेक यांच्या पुढाकाराने युरोपातील काही देशांत ३०१ रुग्णांवर चाचणी झाली. डेक्सामेथासोन चार दिवस देण्यात आले आणि त्याची पहिली मात्रा प्रतिजैविकाच्या पंधरा-वीस मिनिटे आधी किंवा त्याच्याच बरोबर दिली गेली. स्टेरॉइड न मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १५ टक्के होते, मिळालेल्यांत ७ टक्के. न्यूमोकोकसच्या रुग्णांपुरते पाहिले तर ३४ विरुद्ध १४.

या पंधरा मिनिटांतच सारे मर्म आहे. स्टेरॉइड जाऊन जुळत असलेली जनुके थोपवते; उग्र निरोप एकदा बाहेर पडला की त्याला परत बोलावण्याचे सामर्थ्य तिच्यात फारसे नाही. भिंतीच्या तुकड्यांचा लोंढा सुटण्यापूर्वी ती पोहोचली पाहिजे. दुसऱ्या दिवशी, प्रकृती बिघडल्यावर, ‘आता स्टेरॉइडही देऊन पाहू’ असे म्हणण्यात तो लाभ उरत नाही.

येथे कथा संपली असती तर बरे झाले असते. पण त्याच वर्षी आफ्रिकेतील मलावीमधून ६०२ बालकांच्या चाचणीचा निष्कर्ष आला : स्टेरॉइड दिले काय आणि न दिले काय, मृत्यूचे प्रमाण सारखेच. २००७ मध्ये तेथीलच ४६५ प्रौढांच्या चाचणीनेही तेच सांगितले. तेथील रुग्णांपैकी पुष्कळांना एचआयव्हीची बाधा होती आणि पुष्कळ जण फार उशिरा रुग्णालयात पोहोचले होते. ज्या देहात प्रतिकाराची धग मुळातच मंदावलेली आहे, किंवा जेथे आग लागून घर जळून गेले आहे, तेथे पाणी शिंपून काय होणार? शिवाय प्राण्यांतील काही प्रयोगांत स्टेरॉइडमुळे स्मृतीशी संबंधित मेंदूच्या भागातील पेशींची हानी वाढल्याचेही दिसले होते. माणसांत मात्र नंतरच्या तपासण्यांमध्ये तशी हानी आढळली नाही. श्रीमंत देशांतील चाचणीचा निष्कर्ष उचलून जसाच्या तसा जगभर लागू करता येत नाही, हे मलावीने शिकवले.

डेक्सामेथासोनचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले ते कोरोनाच्या साथीत. २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण या स्वस्त औषधाने वाचवल्याचे सिद्ध झाले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना मात्र लाभ झाला नाही. बातमीचा पूर्वार्ध सर्वांनी ऐकला, उत्तरार्ध फार थोड्यांनी. पुढच्याच वर्षी देशभर काळ्या बुरशीचे जे भीषण रुग्ण दिसले, त्यांत अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टेरॉइडच्या अवाजवी वापराचाही वाटा होता. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणारी ही गोळी तापावर घेणे म्हणजे संयम नव्हे. ते पहारेकऱ्यांचे हात बांधून चोराला वाट करून देणे आहे.

दुखण्याचा उपयोग कोणाला?

जंतूंनाही हे ठाऊक असावे, असे म्हणायला लावणारा एक शोध २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. हार्वर्डमधील फेलिपे पिन्हो-रिबेरो, आयझॅक चिऊ आणि सहकारी यांनी आवरणांतील वेदनावाहक मज्जातंतूंचा अभ्यास केला. मेनिंजायटिसमधील असह्य डोकेदुखी याच तंतूंमुळे जाणवते. वेदना म्हणजे धोक्याची घंटा, ही आपली सर्वसाधारण समजूत. पण उंदरांत आढळले ते वेगळेच. जंतूच्या विषाने हे तंतू चेतवले जातात, ते ‘सीजीआरपी’ नावाचे रसायन सोडतात, आणि ते रसायन आवरणांतील भक्षकपेशींना गप्प करते. मदतीचे निरोप जात नाहीत, न्यूट्रोफिल वेळेवर येत नाहीत आणि जंतू मेंदूकडे सरकतात. हे रसायन अडवणारी औषधे, जी माणसांत अर्धशिशीच्या उपचारात ओळखीची आहेत, दिली तेव्हा उंदरांत जंतूंचा प्रसार कमी झाला.

म्हणजे एकाच रोगात, एकाच जागी, दाह कमी पडणे हेही घातक आणि अति होणे हेही घातक. पहिल्या घटकेला पहारेकरी जागे व्हायला हवेत. नंतर त्यांनी थांबायला हवे.

हे द्वंद्व सर्वांत स्पष्ट दिसले ते क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये, आणि भारताला हा विषय परका नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आणि पुढे अमेरिका व केंब्रिज येथे काम केलेल्या ललिता रामकृष्णन यांनी क्षयाचा अभ्यास करण्यासाठी झेब्रा मासा निवडला. त्याची पिल्ले पारदर्शक असतात, त्यामुळे जिवंत शरीरात पेशी आणि जंतू यांचा व्यवहार सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतो. २०१० पासूनच्या कामात डेव्हिड टोबिन आणि त्यांनी मिळून दाखवले की, दाह वाढवणारे एक रसायन घडवणाऱ्या जनुकाचे काम मंद असेल तर जंतू माजतात. आणि तेच काम जास्त असेल तर भक्षकपेशी फुटून मरतात, तिच्या पोटातले जंतू बाहेर सांडतात आणि पुन्हा जंतूच माजतात. दोन विरुद्ध वाटा, शेवट एकच. व्हिएतनाममधील रुग्णांत या जनुकाच्या दोन प्रकारांपैकी प्रत्येकी एक प्रत असलेली, म्हणजे मधल्या प्रमाणात दाह असणारी माणसे अधिक तगलेली दिसली. २०१२ मध्ये पुढचा दुवा आला : तेथे स्टेरॉइडचा लाभ प्रामुख्याने अतिदाहाचा जनुकप्रकार असणाऱ्यांना झाला होता.

प्रत्येकाच्या जनुकांनुसार औषध द्यावे, अशी आशा यातून निर्माण झाली. ती अजून पूर्णत्वाला गेलेली नाही. इंडोनेशियातील सहाशेहून अधिक रुग्णांत या जनुकाचा आणि जगण्या-मरण्याचा संबंध आढळला नाही. २००४ मध्ये व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोनने क्षयाच्या मेनिंजायटिसमधील मृत्यू ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आणले होते. परंतु २०२३ मध्ये एचआयव्हीबाधित ५२० रुग्णांत तसा लाभ सिद्ध झाला नाही. विज्ञानातील सुंदर कथांना असे वास्तवाचे टक्के खावेच लागतात.

रात्रीचा प्रश्न

हे सारे प्रयोगशाळेतले झाले. घरात याचा अर्थ एकच : वेळ. तीव्र ताप, पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी, उलट्या, मान पुढे वाकवता न येणे, उजेड सहन न होणे, ग्लानी, असंबद्ध बोलणे, झटके, किंवा दाबूनही न पुसणारे जांभळट डाग, यांतील काही एकत्र दिसले तर सकाळची वाट पाहू नये. तान्ह्या मुलाची मान ताठरेलच असे नाही. ते दूध ओढत नाही, किरट्या आवाजात रडते किंवा निपचित पडते, टाळू फुगलेली लागते. वृद्धांत ताप बेताचाच असून केवळ भ्रम दिसतो. क्षयाचा मेनिंजायटिस मात्र दबक्या पावलांनी येतो; दोन-तीन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी आणि चिडचिड असते आणि घरचे ते थकव्यावर ढकलतात.

जैन कुटुंबांत येथे एक नाजूक अडचण येते. आजोबांचा आयुष्यभराचा चौविहार आहे, सुनेची अठ्ठाई चालू आहे, पर्युषणाचे दिवस आहेत. ताप आणि डोकेदुखी उपवासाच्या अशक्तपणावर घातली जाते आणि ‘सूर्योदयानंतर पाहू’ असे ठरते. व्रताची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण श्वेतांबर परंपरेतील प्रत्याख्यानाच्या पाठांतच सर्वसमाधीचे आगार सांगितले आहे, प्राणांतिक पीडेत औषधाची सोय त्याच्यात आहे, हे घरातील थोरांनी आधीच, निरोगी असताना, साधू-साध्वींकडून समजून घेतलेले बरे. मध्यरात्री अंगणात रिक्षा उभी असताना तो विचार सुचत नाही.

दुसरी अडचण सर्वच समाजांत आहे. पाठीतून पाणी काढले की माणूस लुळा पडतो, या भीतीने नातेवाईक संमती देत नाहीत. हायनरिक क्विंके यांनी जर्मनीत १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली. सुई ज्या ठिकाणी टोचतात, तेथे मज्जारज्जू संपलेला असतो. काही दिवस डोके दुखू शकते, क्वचित अधिक. पण त्या दहा-वीस थेंबांवाचून जंतू कोणता, औषध कोणते आणि स्टेरॉइड चालू ठेवावे की थांबवावे, हे ठरवता येत नाही. मेंदूतील दाब फार वाढल्याची लक्षणे असतील तर डॉक्टर आधी स्कॅन करतात. मात्र त्यासाठी औषधाची पहिली मात्रा रोखून धरायची नसते.

आग लागूच नये, ही व्यवस्था अर्थातच सर्वांत स्वस्त. बाळाला जन्मतः दिली जाणारी बीसीजी ही लस क्षयाच्या मेनिंजायटिसपासून चांगले संरक्षण देते. पेंटाव्हॅलेंट लसीतून हिबचा बंदोबस्त होतो. न्यूमोकोकसची लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून काही राज्यांत आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली; प्राथमिक आरोग्य केंद्रात ती विनामूल्य मिळते. याच साखळीतील एक मोठा दुवा पुण्यात आहे. आफ्रिकेच्या ज्या पट्ट्यात मेनिंगोकोकसच्या साथी पिढ्यान्‌पिढ्या येत, तेथे परवडेल अशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. २०१० च्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासो येथे ती देण्यास प्रारंभ झाला आणि त्या जंतूच्या ‘अ’ गटाच्या साथी तेथे जवळजवळ नाहीशा झाल्या. पाच गटांविरुद्धची पुढची लसही तेथलीच. २०२४ मध्ये नायजेरियाने ती प्रथम वापरात आणली.

आणि तरीही ज्या घरात हा रोग येऊन गेला, तेथे एक काम बाकी राहते. रुग्णालयातून निघण्यापूर्वी, निदान पहिल्या चार आठवड्यांत, मुलाच्या कानांची यंत्राने तपासणी करून घ्यायची. दाह शमल्यावर कानाच्या शंखातील पोकळीत कधीकधी हाड भरू लागते. ते काही आठवड्यांतही सुरू होते. पोकळी मोकळी आहे तोवर तेथे कॉक्लिअर इम्प्लांटची बारीक तार बसवता येते. हाड भरल्यावर तीच शस्त्रक्रिया अवघड होते, कधी अशक्य. पातेले पडण्याची वाट पाहत बसलेल्या आईजवळ तेवढेच दिवस असतात.